वर्डप्रेस साइटच्या डेटाबेसमधला अनाथ डेटा (मूळ पोस्ट उडाल्यावर मागे राहिलेल्या ओळी) काढायला बसलायस, तर आधी हे वाच

सगळ्यात आधी पूर्ण डेटाबेसचा बॅकअप घे आणि तो दुसऱ्या कॉपीवर नीट रिस्टोअर होतोय का, ते स्वतः बघ. दादरच्या साडीवाल्याची साइट ऐन दिवाळीत बसली तर त्याचा सीझन जातो, म्हणून थेट लाइव्हवर हात घालू नकोस.

वर्डप्रेस आपल्या टेबलांना फॉरेन की (दोन टेबलांमधल्या ओळी एकमेकींना बांधून ठेवणारा नियम) लावत नाही. त्यामुळे प्लगइनने किंवा कुणी थेट क्वेरी मारून पोस्ट उडवली की तिचा मेटा (पोस्टची जोडमाहिती) मागे तसाच पडून राहतो. शोधणं सोपं आहे. पोस्टमेटा टेबलाला पोस्ट्स टेबल लेफ्ट जॉइन कर, म्हणजे जोडीची पोस्ट नसली तरी मेटाची प्रत्येक ओळ दिसते. जिथे पोस्टचा आयडी नल (रिकामा) येतो, त्या ओळी अनाथ. पण आधी नुसतं सिलेक्ट कर, म्हणजे काही न उडवता बघ, आणि मेटा की म्हणजे मेटाच्या नावानुसार मोज. ही नावं वाचली की हा पसारा कुठल्या जुन्या प्लगइनचा, ते बहुतेकदा लगेच कळतं.

मीडिया लायब्ररीत मात्र फार जपून! ‘अनअटॅच्ड’ (कुठल्या पोस्टला न जोडलेला) म्हणजे वापरात नाही, असं अजिबात नाही. तोच फोटो एखाद्या पोस्टची फीचर्ड इमेज (मुख्य चित्र) असू शकतो.

डिलीटनंतर टेबलाच्या फाइलचा आकार तेवढाच दिसला तर घाबरू नकोस, इनोडीबी (डेटाबेसचं डेटा साठवणारं इंजिन) मोकळी जागा स्वतःकडेच ठेवतं. ती जागा परत मिळवायची ऑप्टिमाइझ टेबल ही कमांड रात्री उशिरा, गर्दी नसताना चालव.