वाचक विचारतात : सीटी मिळाला, पण प्रती किती?

प्रश्न : संत्र्याच्या पानांतल्या ग्रीनिंग रोगाच्या जिवाणूची मोजणी रिअल-टाइम पीसीआरने (डीएनएच्या प्रती चक्रागणिक वाढवत मोजण्याच्या पद्धतीने) करते आहे. स्टँडर्ड कर्व्हचा (प्रती माहीत असलेल्या नमुन्यांवरून काढलेल्या रेषेचा) स्लोप −३.४०, इंटरसेप्ट ३८.२ आणि नमुन्याचा सीटी (ज्या चक्राला संकेत ठरावीक पातळी ओलांडतो तो आकडा) २६.३. गणित केलं तर ३.५ येतात. साडेतीनच प्रती?
– एमएस्सीची विद्यार्थिनी, नागपूर

उत्तर : ३.५ हा लॉग आहे. सीटीतून इंटरसेप्ट वजा करून स्लोपने भागलंत, इथवर बरोबर; आता अँटिलॉग घ्या. १० चा ३.५ वा घात म्हणजे सुमारे ३,१६०.

पण या प्रती कशातल्या? एक्स-अक्षावर एका रिअॅक्शनमधल्या प्रती मांडल्या असतील आणि २ मायक्रोलिटर डीएनए घातला असेल, तर मायक्रोलिटरला १,५८०. तो डीएनए आधी दहापट पातळ केलेला होता? मग १५,८००. १०० मिलिग्रॅम पानातून एकूण ५० मायक्रोलिटर डीएनए निघाला असेल, तर मिलिग्रॅमला ७,९००. वहीत प्रत्येक आकड्यापुढे एकक लिहाच, सगळा घोळ तिथेच होतो. प्रायमर (वाढवायचा भाग ठरवणारे डीएनएचे छोटे तुकडे) १६एस या जनुकाचे असतील तर आणखी एक पायरी : या जिवाणूत त्या जनुकाच्या ३ प्रती असतात, म्हणून जिवाणूंची संख्या काढताना ३ ने भागायचं.

तुमचा स्लोप चांगला आहे, कार्यक्षमता ९७ टक्क्यांच्या आसपास येते (दर चक्रात प्रती नेमक्या दुप्पट झाल्या तर १०० टक्के). मात्र स्टँडर्ड म्हणून अख्खा प्लाझमिड (डीएनएचं छोटं गोल कडं) वापरत असाल, तर तो आधी एन्झाइमने कापून सरळ करा. पीळदार प्लाझमिडचा सीटी उशिरा येतो आणि नमुन्यातल्या प्रती फुगवून दिसतात.

प्रश्न : तोच डीएनए दहापट पातळ केला, तर सीटी जेमतेम १.५ ने वाढला. असं का?

उत्तर : तुमच्या स्लोपनुसार तो ३.४ ने वाढायला हवा होता. मूळ डीएनएत रिअॅक्शन अडवणारं काहीतरी आहे. संत्रावर्गीय पानांत पॉलिफेनॉल आणि पॉलिसॅकराइड भरपूर. त्यामुळे न पातळ केलेल्या नमुन्याचा आकडा खरा नाही, कमी आलेला आहे. शंभरपट पातळ करून पाहा. दहापट आणि शंभरपटीत ३.४ च्या जवळपास फरक पडला, तर दहापटीचा आकडा धरा आणि १० ने गुणा. नाही पडला, तर डीएनए पुन्हा स्वच्छ करण्यावाचून इलाज नाही.

शेवटचा स्टँडर्ड १० प्रतींचा असेल, तर त्याचा सीटी ३४.८ च्या आसपास येईल. त्यापुढे ३७ वर आलेल्या नमुन्याला सॉफ्टवेअर आकडा देईलच. तो तक्त्यात घालू नका, ‘मोजणीच्या मर्यादेखाली’ असं लिहा.