गुडघेदुखीची गोळी आणि पावलांवरची सूज

प्रश्न : आईचं वय ६८, गुडघ्यांची झीज आहे. बीपीसाठी टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड एकत्र असलेली गोळी रोज चालू आहे. तीन आठवडे ती मेडिकलमधून आणलेली ॲसिक्लोफेनॅक-पॅरासिटामॉल सकाळ-संध्याकाळ घेते, उपाशीपोटी पॅन्टोप्राझोलही घेते. चालणं सुधारलं, पण पावलं सुजतात आणि बीपी वाढलंय. गोळी चालू ठेवावी का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : नाही. ॲसिक्लोफेनॅकची ती गोळी आजच थांबवा; बीपीची गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका. दोन दिवसांत डॉक्टरांना दाखवा, रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंड किती काम करतंय ते यावरून कळतं) आणि पोटॅशियम तपासून घ्या. लघवी कमी झाली, धाप लागली किंवा शौचाला डांबरासारखं काळं झालं, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

पॅन्टोप्राझोल जठराला सांभाळतं, मूत्रपिंडाला नाही. ॲसिक्लोफेनॅक प्रोस्टाग्लँडिन, म्हणजे दुखणं-सूज वाढवणारं शरीरातलं रसायन, तयार होऊ देत नाही, म्हणून गुडघा दुखायचा थांबतो. पण मूत्रपिंडात रक्त आणणारी वाहिनी रुंद ठेवण्याचं कामही प्रोस्टाग्लँडिनचंच. टेल्मिसार्टन रक्त बाहेर नेणारी वाहिनी सैल करतं, हायड्रोक्लोरोथायझाइड अंगातलं पाणी घटवतं. तिन्ही एकत्र आली की रक्त गाळायला लागणारा दाब उरत नाही. मीठ-पाणी साचतं, पावलं सुजतात, बीपी चढतं. अशात जुलाब-उलट्या झाल्या, तर मूत्रपिंड अचानक बंद पडू शकतं.

रिपोर्ट पाहून डॉक्टर हो म्हणाले, तर डायक्लोफेनॅक जेल वापरा. गुडघा कातडीलगत असल्यानं औषध तिथं पोचतं, रक्तात फार थोडं उतरतं. (खुब्याचा सांधा खोल, तिथं जेल वाया जातं.) ‘जेलनं फरक पडत नाही’ म्हणणारे बहुतेक जण वाटाण्याएवढंच लावतात. एका गुडघ्याला एका वेळी २ ते ४ ग्रॅम लागतं, दिवसातून तीन-चार वेळा. ४ ग्रॅम लावलं तर ३० ग्रॅमची ट्यूब सात वेळांतच संपते. गुडघ्याच्या चारही बाजूंनी लावा, नंतर हात धुवा, तासभर पाणी लागू देऊ नका. वरून शेकू नका, घट्ट पट्टा बांधू नका. पूर्ण गुण यायला एक-दोन आठवडे लागतात.

जास्त दुखलं तर नुसतं पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम चालेल. सर्दी-तापाच्या गोळ्यांतही ते असतं, तेही मोजा. दिवसाचा आकडा ३ ग्रॅमच्या आत ठेवा.

डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, एटोरिकॉक्सिब या गोळ्या ॲसिक्लोफेनॅकच्याच कुळातल्या. एटोरिकॉक्सिब जठराला सौम्य म्हणून देतात, पण बीपी आटोक्यात नसताना ती घ्यायचीच नसते. ही चारही नावं ‘या गोळ्या नकोत’ म्हणून आईच्या फायलीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा आणि मेडिकलमध्ये फाईल घेऊनच जा.