सोलापूरकडचे वाहनचालक इतरांपेक्षा खरोखरच वाईट असतात का?

पुण्यात ‘एमएच १३’ची पाटी दिसली की चार हात लांब राहा, असे आपले सहकारी सांगतात, आता बदलीमुळे सोलापुरात राहायला येणार असल्याने त्यात कितपत तथ्य आहे, असे आपण विचारले आहे. विम्याच्या दाव्यांसाठी अपघातग्रस्त वाहनांची पाहणी करणे हा माझा व्यवसाय आहे आणि सोलापूर व आसपासच्या तालुक्यांतील ठोकलेल्या गाड्या मला नेहमीच पाहाव्या लागतात. त्यावरून बनलेले मत आधीच सांगून टाकतो: सोलापूरचा चालक पुण्याच्या चालकापेक्षा वाईट आहे असे मला वाटत नाही, इथला रस्ता मात्र त्याच चुकीची शिक्षा फार जबर देतो.

पाटीवरून माणूस ओळखण्यात मुळातच गफलत आहे. गाडीची नोंदणी कुठे झाली एवढेच पाटी सांगते. सोलापूर, बार्शी, पंढरपूरकडची असंख्य मुले नोकरीसाठी पुण्यात असतात, गाडी तिथेच घेतात आणि दिवाळीला ‘एमएच १२’ किंवा ‘एमएच १४’ची पाटी मिरवत गावी येतात. त्या आठवड्यात टेंभुर्णी-मोहोळच्या पट्ट्यात कोणी आडवी गाडी घातली, की आमच्याकडचे लोक ‘पुणेकर दिसतोय’ म्हणून मोकळे होतात, आणि तो पुणेकर कुर्डुवाडीचा निघतो. विजापूर रस्त्यावर हेच खापर कर्नाटकच्या ‘केए २८’वर आणि अक्कलकोट रस्त्यावर ‘केए ३२’वर फुटते. बाहेरच्या पाटीची चूक लक्षात राहते. आपल्या पाटीने तीच चूक केली तर ती ‘घाईत असेल बिचारा’ म्हणून सोडून दिली जाते. शिवाय पंढरपूर, अक्कलकोट आणि तुळजापूर ही तीन मोठी देवस्थाने सोलापूरच्या आसपास असल्यामुळे आमच्या रस्त्यांवरची बरीच वाहने आमची नसतातच.

आकडे पाहून निवाडा करावा म्हटले तर तेही सोपे नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये महाराष्ट्रात ३३,३८३ अपघात झाले आणि त्यांत १५,२२४ माणसे दगावली. त्याच वर्षी केरळात ४३,९१० अपघात झाले, पण मृत्यू ४,३१७. केरळची लोकसंख्या आपल्या एक तृतीयांशही नाही. मग वाईट चालक कोणते म्हणायचे? अपघात मोजले तर केरळचे, मृत्यू मोजले तर आपले. दर शंभर अपघातांमागे आपल्याकडे सुमारे ४६ मृत्यू आणि तिकडे १० पेक्षा कमी, हा फरक केवळ स्वभावाने पडत नाही. वस्ती किती सलग आहे, रस्त्यावर वेग किती घेता येतो, दवाखाना किती जवळ आहे आणि किरकोळ धडकेची पोलिसांत नोंद होते की जागेवरच ‘मिटवून’ टाकतात, यावर तो ठरतो.

माझ्या कामात हाच फरक पत्र्यावर दिसतो. सात रस्ता, नवी पेठ किंवा आसरा चौकात ठोकलेली गाडी आणि पुण्यातल्या माझ्या समव्यावसायिकांकडे येणारी गाडी यांत काही वेगळेपण नसते: आरसा तुटलेला, दारावर दुचाकीच्या हँडलची रेघ, मागच्या बंपरचा एक कोपरा बसलेला. शहर सोडून बाहेर आलो की मात्र धडकांची जातच बदलते. दावे थोडे असतात, पण गाडी बहुतेक वेळा दुरुस्तीपलीकडची असते.

यातला एक प्रकार आपण नीट समजून घ्यावा, कारण पुण्याच्या हद्दीत राहणाऱ्याला त्याची कल्पना नसते. गाडीचा पुढचा बंपर आणि नंबरप्लेट बऱ्यापैकी शाबूत असते. बॉनेट मात्र घडी घातल्यासारखे दुमडलेले आणि समोरची काच, छताच्या खांबांसकट, आत गेलेली. ही गाडी उसाच्या ट्रॉलीखाली शिरलेली असते. ट्रॉलीचा साटा, म्हणजे माल भरायचा सांगाडा, बंपरच्या वर असल्यामुळे धक्का झेलण्यासाठी गाडीत जी रचना केलेली असते ती उपयोगीच पडत नाही. पहिला मार थेट काचेवर बसतो. ट्रॅक्टरला एकामागे एक दोन ट्रॉल्या जोडलेल्या, मोळ्या मागच्या फळीबाहेर आलेल्या, वाढे, म्हणजे उसाच्या शेंड्याची पाने, खाली लोंबत असल्याने दिवा असला तरी झाकलेला, आणि केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे मागे हवेत ते लाल रिफ्लेक्टर चिखलाने माखलेले किंवा बसवलेलेच नाहीत. ट्रॅक्टर ताशी २० किलोमीटरने चालला आहे आणि आपण ९० ने येत आहात असे धरले, तर दोहोंमधले अंतर सेकंदाला १९ मीटरहून अधिक वेगाने घटते. खाली टाकलेल्या हेडलाइटचा उजेड साधारण ५० मीटर पोहोचतो. म्हणजे दिसणे, उमगणे आणि ब्रेक लावणे हे सारे अडीच सेकंदांत उरकावे लागते, आणि समोरून कोणी अप्पर मारत येत असेल तर तेवढेही मिळत नाहीत. इथे कारचालक सोलापूरचा होता की स्वीडनचा, याने काय फरक पडतो?

ट्रॅक्टरवाल्यालाही सरसकट बेपर्वा म्हणणे मला पटत नाही. त्याचे पैसे वाहतुकीच्या टनावर ठरतात, साखर कारखान्यावर गव्हाणीत, म्हणजे ऊस उतरवायच्या जागी, नंबर लागेपर्यंत तासन्‌तास रांगेत थांबावे लागते आणि गेलेला वेळ भरून काढायला तो रात्री निघतो. मोठ्याने लावलेल्या टेपला मात्र माझ्याकडे माफी नाही. मागचा हॉर्न त्याला ऐकू येण्याची सोयच त्याने ठेवलेली नसते.

आमच्याकडच्या दोन खोडी खरोखरच वाईट आहेत, आणि त्यांचे समर्थन मी करणार नाही. पहिली उलट दिशेने येण्याची. चौपदरी महामार्गावर डिव्हायडरचा कट लांब असतो, शेत एका अंगाला आणि पेट्रोल पंप दुसऱ्या अंगाला असतो, म्हणून दुचाकीस्वार कडेकडेने विरुद्ध बाजूने येतो, तेही बहुधा आपल्या डाव्या हाताला, जिथे आपण सुरक्षित समजून गाडी घेतलेली असते. महामार्ग आखताना गावकऱ्याच्या रोजच्या येण्याजाण्याचा विचार झाला नाही हे खरेच. तरी तिघे बसून, दिवा न लावता येण्याला आखणी जबाबदार नाही. दुसरी खोड हेल्मेटची. हायवे पोलीस दिसले की ते डोक्यावर चढते, एरवी हँडलला लटकते.

पुण्याहून येणाऱ्यांच्या चुका निराळ्या असतात. शहरातल्या गर्दीत दोन गाड्यांमध्ये हातभर अंतर ठेवण्याची सवय ते इकडे घेऊन येतात आणि ९० च्या वेगालाही तेवढेच अंतर ठेवतात. त्यात दुपदरी रस्त्यावरच्या खुणा ओळखीच्या नसतात. पुढच्या ट्रकने उजवा इंडिकेटर दिला तर नियमाप्रमाणे तो उजवीकडे वळणार असतो; पण काही ट्रकचालक ‘रस्ता मोकळा आहे, जा पुढे’ असे सांगण्यासाठीही तोच देतात. इथला माणूस पुढे फाटा आहे की नाही हे पाहून अर्थ लावतो, नवख्याला तो फाटा ठाऊक नसतो. दोघांचे कौशल्य सारखे धरले तरी त्या ठिकाणी नवखाच फसतो.

आपल्यासाठी व्यवहाराचे सांगायचे तर शहरात पुण्यासारखीच गाडी चालवा, वेगळे काही शिकावे लागणार नाही. दुचाकी कोणत्याही बोळातून न पाहता बाहेर येईल हे गृहीत धरा, एवढे पुरे. उसाच्या गळीत हंगामात, म्हणजे साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत, पंढरपूर, अकलूज किंवा मंगळवेढ्याकडे जायचे असेल तर शक्यतो उजेडातच जा. रात्री निघणे भागच असेल तर वेग ६० च्या आत ठेवा आणि विंडस्क्रीन आतूनही पुसून घ्या. आतल्या बाजूला साचलेल्या धुळीमुळे समोरचा उजेड पसरतो आणि ट्रॉली आणखी उशिरा दिसते. उसाची वाहतूक चालू असलेल्या रस्त्यावर पडलेली वाढे आणि चोयट्या दिसू लागल्या, की ट्रॉली फार लांब नसते असे समजावे.