संविधानाची पीडीएफ फुकट मिळते, मग मूळ प्रत हवाबंद पेटीत जपायचा एवढा खटाटोप कशाला?

तुमचा ‘कशाला’ वाचून आमचा दादाच डोळ्यांपुढे आला, म्हणून लिहायला बसले.

आमचे अण्णा तालुक्याच्या कचेरीत शिपाई. शिक्षण सातवी. त्यांच्याकडे संविधानाची मराठी प्रत होती, खाकी कागदाचं कव्हर घातलेली. अनुच्छेद २२ च्या पानात खुणेला एसटीचं तिकीट. मी नववीत असताना गल्लीतल्या एका पोराला सायकलचोरीच्या संशयावरून पोलिसांनी उचललं. दुसरा दिवस मावळला तरी ना सोडेनात, ना कोर्टात नेईनात. त्याची आई आमच्या ओट्यावर येऊन बसली. अण्णांनी सदरा चढवला, पुस्तक पिशवीत टाकलं आणि निघाले. मी मागोमाग.

अंमलदाराने आधी हटकलंच, “तुम्ही वकील का?” अण्णांचा आवाज कापत होता. पण पान उघडून, ओळीखाली बोट धरून त्यांनी सांगितलं, अटकेपासून चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे हजर करायचं, वाटेतला प्रवासाचा वेळ तेवढा सोडून. “साहेब, हे माझ्या पदरचं नाही. यात लिहिलंय.” त्याने पुस्तक घेतलं, उलटसुलट बघितलं, परत दिलं. एक शब्द बोलला नाही. सकाळी पोरगा कोर्टात उभा होता, संध्याकाळी जामिनावर घरी.

अण्णा गेल्यावर घर आवरताना दादाने ते पुस्तक रद्दीत घातलं. मी दुकान गाठलं तेव्हा ते पेपरांच्या गठ्ठ्यात होतं. कव्हर फाटलेलं, तिकीट गायब. रद्दीवाल्याने तराजूत टाकून बारा रुपये घेतले. दादाचं म्हणणं, “एवढं काय त्यात, नवीन मागवून दिलं असतं.” तुमची पीडीएफ म्हणजे तेच.

याच दादाने घराचं खरेदीखत मात्र प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून कपाटाच्या लॉकरमध्ये ठेवलंय. झेरॉक्स आहेत की चार! वाद पडला की मूळ कागद मागतात, हे त्याला बरोबर कळतं. देशाचंही तसंच. पीडीएफमध्ये आजवरच्या दुरुस्त्या मिसळलेल्या असतात. उद्देशिकेतले ‘समाजवादी’ आणि ‘धर्मनिरपेक्ष’ हे शब्द १९७६ च्या ४२व्या दुरुस्तीने आले. ते असावेत की नसावेत यावर खुशाल भांडा, पण २४ जानेवारी १९५० ला सभासदांनी सह्या केल्या तो कागद तरी शाबूत हवा. शिवाय ती प्रत प्रेमबिहारी नारायण रायजादांनी हाताने लिहिलेली, नंदलाल बोस आणि शांतिनिकेतनच्या चित्रकारांनी सजवलेली. दमट हवा लागून ती गेली, तर परत कोण लिहिणार?

हां, नुसती पेटी जपून भागत नाही, हेही खरं. आणीबाणीत कागदाला धक्काही लागला नव्हता, तरी १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ४ विरुद्ध १ अशा बहुमताने सांगितलं की बेकायदा अटकेविरुद्धही दाद मागता येणार नाही. विरोधात एकटे न्यायमूर्ती खन्ना. आणि २६ जानेवारीला पुस्तकाला हार घालून वर्षभर न उघडणारे तर मला दादापेक्षाही डोक्यात जातात.

दादा हे वाचणार, वहिनी दाखवतीलच. पुस्तक माझ्याकडे आहे, मागू नकोस. आणि बारा रुपये अजून तुझ्याकडेच आहेत.