वाचकांचे प्रश्न: पोरं मोबाईलवरून उतरवून आणतात, वाचनालयाची मदत कशी घ्यायची?

प्रश्न: नमस्कार. मी लोणार तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत सातवी-आठवीला शिकवते. प्रकल्प दिला की पोरं मोबाईलवर जे पहिलं दिसलं ते जसंच्या तसं उतरवून आणतात. यंदा लोणार सरोवरावर प्रकल्प दिला तर अर्ध्या वर्गाच्या वहीत एकच परिच्छेद, चुकांसकट सेम. एकानं तर व्हॉट्सॲपवर आलं होतं म्हणून देवीच्या कोपानं पाणी लाल झालं असं लिहून आणलं. शाळेत दोन कपाटं पुस्तकं आहेत पण कुलपात, हरवलं तर भरून कोण देणार हीच सगळ्यांना भीती. गावात ड वर्गाचं, म्हणजे सगळ्यात लहान दर्जाचं, सार्वजनिक वाचनालय आहे, तिथले ग्रंथपाल काका खूप चांगले आहेत, मागच्या वर्षी पोरांना घेऊन गेलो, तासभर बसलो, फोटो काढले आणि आलो, पुढे काहीच झालं नाही. आमच्याकडे ग्रंथपालाचं पद नाही. नेमकं करायचं काय?

उत्तर: ताई, पोरांना वाचनालय दाखवून आणलंत ते चांगलंच केलं, पण मनात प्रश्न नसताना गेलेलं पोरगं कपाटं बघतं आणि परत येतं. म्हणून यावेळी प्रकल्पाचा विषय वर्गात सांगायच्या आधीच तुम्ही आणि काका अर्धा तास सोबत बसा. पोरांना काय यायला पाहिजे ते तुम्हाला माहीत, कोणत्या कपाटात काय आहे ते काकांना माहीत, आणि ही दोन माणसं आधी बोललीच नाहीत तर पोरगं मोबाईलच उघडणार, त्याचा तरी काय दोष.

बसल्यावर पहिलं काम म्हणजे प्रश्न बदलायचा. "लोणार सरोवराची माहिती लिहा" म्हटलं की उतरवूनच येणार, कारण आपण तेच मागितलं. त्याऐवजी "लोणारचं सरोवर किती वर्षांपूर्वी झालं?" एवढंच विचारा. आता बघा काय मजा होते. आधी कित्येक जण हा खड्डा ज्वालामुखीचा समजत होते, नंतर तो अशनी, म्हणजे आकाशातून आलेला दगड, पडून झाला हे सिद्ध झालं, आणि बऱ्याच पुस्तकांत वय साधारण ५०-५२ हजार वर्षं दिलेलं असतं. पण २०११ मध्ये एक संशोधन आलं, त्यात तिथल्या वितळलेल्या दगडातला आर्गॉन वायू मोजून वय सुमारे ५ लाख ७० हजार वर्षं निघालं. म्हणजे एका पोराच्या हातात एक आकडा, दुसऱ्याच्या हातात त्याच्या दहापटीहून मोठा, आणि दोन्ही छापलेले! मग वर्गात आपोआप भांडण लागतं की खरं कोणाचं, आणि तेच तर आपल्याला हवं आहे. कोणी मोजलं, कसं मोजलं, पुस्तक कोणत्या वर्षी छापलं, हे पोरं स्वतःहून विचारायला लागतात. पुस्तक उघडून आवृत्तीचं साल कुठे असतं ते काकांनी दाखवायचं, तो तास त्यांचाच असू द्या. मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ चा, पुढचे खंड त्यानंतर कितीतरी वर्षं निघत राहिले, त्यामुळे कोणता खंड कधीचा हे आधी बघायचं अशी सवय लागली तरी खूप झालं. विश्वकोश आता नेटवर फुकट वाचता येतो, रेंज नसेल तर तालुक्याला जाणाऱ्या कोणाकडून ती पानं प्रिंट करून मागवा.

आता त्या लाल पाण्याचं. त्या पोराला रागवू नका हं. जून २०२० मध्ये पाणी खरंच गुलाबी झालं होतं, त्यानं निम्मं खरंच लिहिलंय. त्याला एवढंच विचारा की पाणी तपासलं कोणी? तर नमुने नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेकडे आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेकडे गेले होते, आणि अति खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांच्या रंगामुळे असं झालं हे समोर आलं. उन्हाळ्यात पाणी आटलं, खारटपणा वाढला, त्यांना फावलं. कमळजा देवीचं देऊळ आहे, लवणासुर राक्षसाची गोष्ट आहे, तीही वहीत येऊ द्या, ती आपल्या आजीची ठेव आहे, फक्त वेगळ्या पानावर, वर लिहायचं की ही गोष्ट, आणि दुसऱ्या पानावर की हे मोजलेलं. सातवीच्या पोरांना हा फरक फार लवकर कळतो, मोठ्यांनाच जड जातो.

माहिती साक्षरता म्हणतात ती हीच. १९७४ मध्ये पॉल झुरकोव्स्की नावाच्या अमेरिकन माणसानं हा शब्द आणला, आणि १९८९ मध्ये अमेरिकन लायब्ररी असोसिएशननं साध्या भाषेत सांगितलं की आपल्याला माहिती कधी लागते हे ओळखता यावं, ती शोधता यावी, पारखता यावी आणि नीट वापरता यावी. मोबाईल यातलं शोधायचं काम सोपं करतो, बाकीचं शिकवावंच लागतं.

मार्कांचं मात्र नक्की बदला, नाहीतर सगळं वाया. सुंदर अक्षर आणि थर्माकोलला मार्क देत राहिलो तर पोरं तेच आणणार. निम्मे मार्क शोधाच्या कागदाला ठेवा: कुठे कुठे शोधलं, लिहिणारा कोण, कधीचं आहे, आणि काय वाचून सोडून दिलं व का. हे शेवटचं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण ते कुठून उतरवता येत नाही.

वेळ शनिवारची धरा, सकाळची शाळा सुटली की दहा-दहा पोरं वाचनालयात, काकांना विचारून कुलूप तेवढ्यापुरतं लवकर उघडायचं. शाळेच्या कपाटांसाठी मुख्याध्यापकांना घेऊन शाळा व्यवस्थापन समितीत विषय मांडा, पुस्तकं वापरून फाटणारच, त्यासाठी निर्लेखनाची, म्हणजे फाटकी पुस्तकं नोंदीतून रीतसर कमी करायची, पद्धत असतेच, तसा ठराव झाला की एकट्या शिक्षकावर येत नाही. समग्र शिक्षा या सरकारी योजनेत शाळेच्या ग्रंथालयासाठी शाळेच्या स्तराप्रमाणे वर्षाला ५,००० ते २०,००० रुपयांची तरतूद आहे, ती यादी करताना काकांना सोबत घ्या, म्हणजे जे वाचनालयात आहे तेच परत विकत घेतलं जाणार नाही.

प्रश्न: मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात वाचनालय सांभाळतो. पेपर वाचायला म्हातारी माणसं येतात, स्पर्धा परीक्षेवाले पोट्टे येतात, पण शाळेतलं कोणीच फिरकत नाही. मी स्वतःहून शाळेत गेलो तर चालेल का? मास्तर लोक काय म्हणतील?

उत्तर: भाऊ, बिनधास्त जा. मान्यताप्राप्त सार्वजनिक वाचनालय म्हणजे १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखालचं, अख्ख्या गावाचं, त्यात शाळा आलीच. फक्त "पोरांना पाठवा" म्हणायला जाऊ नका, हातात एक धडा घेऊन जा.

तुमच्या भागात मला फवारणीपेक्षा मोठा विषय दिसत नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर गेले, हे घराघरात माहीत आहे. कीटकनाशकाच्या डब्यावर रंगीत चौकोन असतो, लाल म्हणजे सगळ्यात विषारी, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा सगळ्यात कमी. सोबत घडी केलेला बारीक अक्षराचा कागद येतो, त्यात किती प्रमाण, कोणतं पीक, विषबाधा झाली तर काय करायचं हे सगळं असतं आणि बहुतेक घरांत तो बांधावरच फेकला जातो. विज्ञानाच्या सरांसोबत बसून आठवीच्या पोरांना तो कागद वाचायला लावा, मग कृषी केंद्रवाल्यानं काय सांगितलं, यूट्यूबवर काय सांगितलं आणि कागदावर काय आहे हे शेजारी शेजारी लिहून काढायचं. जिथे जुळत नाही तिथे अकोल्याच्या कृषी विद्यापीठाची किंवा नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेची शिफारस शोधायची, ती काढून ठेवायचं काम तुमचं. पोरगं घरी जाऊन बापाला वाचून दाखवतं, तेव्हा बाप ऐकतो.

आणि एक, पोरांना डबे, बाटल्या, वापरलेले कागद काहीच आणायला सांगू नका. कृषी केंद्रातून न वापरलेली माहितीपत्रकं मागून घ्या, चौकोनाचा मोबाईलवर फोटो काढून मोठी प्रिंट लावा.