तू पांदीनं वळसा घातलास ते मी पाहिलं

पोरा,

तू फौजेतून सुट्टीवर आलायस. परवा सकाळी मी मारुतीच्या पारावर बसलो होतो तवा तुला येताना पाहिलं. पाइपलाइनसाठी खोदून नुसती माती लोटलेला तो पट्टा, शाळेची लेकरं त्याच्यावरून सायकली घालतात, तू तिथं थांबलास, खाली बघितलंस, कडेची माती बघितलीस अन् मागं फिरून पांदीनं वळसा घालून गेलास. पारावर सात-आठ जण होते, कुणाच्या ध्यानात आलं नाही. माझ्या आलं, कारण मी स्वतः चार वर्षं ताज्या मातीवर पाय ठेवला नव्हता.

म्हणून लिहायलोय. तोंडानं बोललो असतो तर तू "काही नाही काका, एकदम ओके" म्हणून उठून गेला असतास, गेल्या रविवारी गेलास तसाच. मेसेज लांब झालाय, सावकाश वाच.

तुझी माय सांगत होती की तू रात्री तीन-तीनदा उठून कडी बघायलास, जेवताना भिंतीला पाठ लावून बसायलास, ताट वाजलं की खेकसायलास अन् मग गच्चीवर जाऊन एकटाच बसायलास. तिच्यावर चिडू नको, ती काळजीनं सांगत होती. तिला वाटलं कुणाची नजर लागली, देवऋष्याकडं नेऊ का म्हणून विचारायला आली होती. मी म्हणलं वहिनी नको, हे काय आहे मला माहीत आहे.

माझं तुला कधी सांगितलं नाही. गावात कुणालाच नाही, फक्त तुझ्या काकूला माहीत आहे. डिसेंबर २००१ मध्ये संसदेवर हल्ला झाला अन् सगळी फौज बॉर्डरला लागली, ऑपरेशन पराक्रम. ऑक्टोबर २००२ पर्यंत आम्ही तिथंच. लढाई झालीच नाही. पण मैलच्या मैल सुरुंग पेरले होते, अन् एका सकाळी माझ्यापासून दहा-बारा पावलांवर माझा बडी, म्हणजे ड्युटीतला जोडीदार, गेला. त्याच्याआधी पाच मिनिटं आम्ही एकाच मगातून चहा प्यालो होतो. पुढचं लिहीत नाही, तुला लिहून सांगायची गरज नाही.

सुट्टीवर आलो तर लोक म्हणायचे, मेजर लढाई तर झाली नाही, आरामात होते म्हणा की. मलाही तसंच वाटायचं, की आपण कारगिल थोडंच केलंय, आपल्याला काय व्हायचा अधिकार. हा विचार लई वाईट आहे बघ. तू पण तोच करत असशील, की माझ्यापेक्षा जास्त पाहिलेली माणसं हसत-खेळत आहेत अन् मीच असा का. जखम मोजून होत नसते. एकाच स्फोटात एकाच्या कानाचा पडदा फाटतो अन् शेजारच्याचा फाटत नाही, तवा आपण फाटलेल्याला भित्रा म्हणतो का?

होतं काय ते समजून घे. तिकडं ड्युटीवर तुझ्या डोक्यातला धोक्याचा भोंगा महिनोन् महिने चालू राहिला, ताजी माती, बेवारस पिशवी, गल्लीतला अचानकचा सन्नाटा, हे सगळं त्यानं पक्कं पाठ केलंय अन् त्यामुळंच तू जिवंत परत आलास. आता तोच भोंगा परभणी जिल्ह्यातल्या आपल्या गावात पण वाजायलाय, कारण त्याला नकाशा कळत नाही. अशा प्रसंगानंतर पहिले काही आठवडे बहुतेकांना हे होतं अन् बऱ्याच जणांचं आपोआप निवळतं. पण महिना उलटून गेला, तीच तीच स्वप्नं पडायलीत, त्या गोष्टीची आठवण देणारी जागा-माणसं टाळायलास, सारखा सावध, सारखी चिडचिड, मन बधिर, अन् त्यानं रोजचं जगणं अडायलं तर डॉक्टर त्याला पीटीएसडी म्हणतात. हे नाव १९८० साली आजारांच्या अधिकृत यादीत आलं. पहिल्या महायुद्धात शेल शॉक म्हणायचे, १९१५ मध्ये डॉक्टरांनी त्याच्यावर लिहिलं होतं, तरीपण त्याच युद्धात इंग्रजांनी पळून गेला, भेकड निघाला असं म्हणून आपल्याच ३०० च्या वर सैनिकांना गोळ्या घातल्या. त्यातले कित्येक आजारी होते. त्यांना माफी मिळाली २००६ मध्ये. नव्वद वर्षं लागली बघ एवढं समजायला, अन् आपल्याकडं काही काही ठिकाणी अजून समजायचंच आहे.

अन् हे फौजेचंच दुखणं आहे असंही नाही. माझी मावशी औशाकडं दिलेली होती, किल्लारीच्या जवळच. ३० सप्टेंबर १९९३, आदल्या दिवशी गणपती बुडवून लोक दमून झोपलेले अन् पहाटे चारच्या सुमाराला भूकंप. तिची सून अन् नातू मातीच्या माळवदाखाली गेले. नंतर सरकारनं पक्कं घर दिलं, पण ती मरेपर्यंत स्लॅबखाली झोपली नाही, पावसाळ्यातसुद्धा अंगणात पत्र्याच्या शेडमध्ये बाज टाकायची. त्या भागात अशी कितीतरी माणसं होती. तिला कुणी वेडी म्हणलं नाही, सगळे म्हणायचे बिचारीनं लई सोसलंय. मग तुला पांदीनं जावं वाटलं तर त्यात लाज कसली? मावशीला इलाज कुणी सांगितला नाही एवढंच मला वाईट वाटतं. तुला सांगणारा आहे.

आता तुझ्या मनात खरी अडचण काय आहे ते मला माहीत आहे. तू अग्निवीर आहेस, चार वर्षातली अडीच झाली, पुढं कायम ठेवतात त्या पंचवीस टक्क्यांत नंबर लागायचाय, अन् तुला वाटतं आरएमओ साहेबांसमोर, म्हणजे युनिटच्या डॉक्टरसमोर, तोंड उघडलं की कॅटेगरी लागली, म्हणजे मेडिकल दर्जा खाली आला, अन् सगळं संपलं. खोटं सांगणार नाही. शेप म्हणजे फौजेची तब्येत मोजायची पट्टी, त्यातलं पहिलं अक्षर एस मनाचंच आहे, त्यात १ म्हणजे एकदम फिट, त्याचा २ किंवा ३ होऊ शकतो, काही दिवस हत्यार मिळणार नाही, गार्ड ड्युटी नाही, पोरं विचारतील काय झालं रे. अन् कायम होताना मेडिकल फिट लागतं हे पण खरं. तुझा नंबर लागेलच असं वचन मी देऊ शकत नाही.

पण दुसरी बाजू मी स्वतः भोगली आहे. मी तीन वर्षं लपवलं. लपवलेलं दुखणं गप बसत नाही, ते दुसऱ्या दारानं बाहेर येतं. मी लंगरमध्ये, म्हणजे जवानांच्या मेसमध्ये, एकाच्या अंगावर थाळी फेकली, दारू पिऊन रोल कॉलला उशिरा गेलो, एकदा सुट्टीवरून चार दिवस उशिरा हजर झालो. झालं काय, तर माझ्या कागदावर आजार कुठंच आला नाही, रेड इंक एन्ट्री, म्हणजे शिक्षेची लाल शाईतली नोंद, आली. आजारी म्हणून गेलो असतो तर आजार लिहिला असता अन् इलाज झाला असता, गेलो नाही तर तीच गोष्ट बेशिस्त म्हणून लिहिली गेली. माझ्या मते तुला नुकसान करायचंच असेल तर हा सगळ्यात पक्का रस्ता. तात्पुरती कॅटेगरी साधारण सहा महिन्यांनी परत तपासतात, वर पण चढते, माझी चढली. एस ३ वरून एस १ झालो अन् नायब सुभेदार होऊन पेन्शन आलो, उशिरा झालो पण झालो.

आठवतं का, भरतीच्या आधी तुझी नळी दुखत होती अन् तू मला सांगितलं नव्हतंस. १६०० मीटर साडेपाच मिनिटांत बसवायचं म्हणून रोज पहाटे दात खाऊन पळायचास. मला कळलं तवा मी तुला तीन आठवडे पळूच दिलं नाही, तू रडलास, अन् नंतर त्याच पायानं भरती झालास. तसंच आहे हे.

इलाज काय करतात ते सांगतो म्हणजे भीती जाईल, कारण मला वाटत होतं शॉक देतील, कोंडून ठेवतील. तसं काही झालं नाही. डॉक्टर बाईंनी पहिले काही दिवस नुसती झोप बघितली. गोळ्या दिल्या, त्यांचा असर दिसायला महिना-सव्वा महिना लागला, मधी मला वाटलं काही उपयोग नाही, सोडून द्याव्यात, बरं झालं सोडल्या नाहीत. मनानं कधीच बंद करू नको. मग त्यांनी ती सकाळ माझ्याकडून बोलून घेतली, पहिल्यांदा दोन वाक्यं निघाली अन् अंगाला घाम, मग हळूहळू सगळी, परत परत, होता होता एक दिवस मी बडीचं नाव घेतलं अन् छाती धडधडली नाही, नुसतं रडू आलं. त्याच्यासंगं चालायचा सराव, आधी डांबरी रस्ता, मग मुरमाचा, मग खोदून बुजवलेला. वळसा घातला की त्या वेळेपुरतं बरं वाटतं पण भीतीला वाटतं आपलं बरोबर होतं, अन् ती वाढते. हे मला त्यांनी शिकवलं.

दारूचं एकच सांगतो. कॅन्टीनची बाटली झोप आणते असं वाटतं, पण ती झोप मोडकी असते, पहाटे अडीचला उठवते अन् स्वप्नं जास्त वाईट. तुझ्या बॅगेत दोन आहेत, माझ्याकडं आणून दे.

युनिटला गेल्यावर पहिल्या आठवड्यात एमआय रूमला, म्हणजे युनिटच्या दवाखान्यात, जा. मनातलं हिंदीत सांगायला आपल्याला जमत नाही, मला तर "साब, तबीयत ठीक नहीं" च्या पुढं शब्दच सुचले नव्हते अन् डोकेदुखीची गोळी घेऊन परत आलो होतो. म्हणून कागदावर आकडे लिहून ने. रात्री किती तास झोप, आठवड्यात किती वेळा तेच स्वप्न, किती महिन्यांपासून, किती पेग, कुठल्या जागा टाळायलास. कागद साहेबांच्या हातात दे, आपोआप बोलणं चालू होतं. तिथं अवघड वाटलं तर काउन्सेलिंगचा कोर्स केलेला जेसीओ, म्हणजे सुभेदार वगैरे, असला तर त्याला गाठ, नाहीतर युनिटच्या मंदिरातल्या पंडितजींना. टेली-मानस या मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ नंबर सेव्ह कर, दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं, फुकट आहे. फौजेतल्यांसाठी त्यांचा वेगळा सेल डिसेंबर २०२३ पासून पुण्याला एएफएमसीत, फौजेच्या मेडिकल कॉलेजात, आहे, घरचे पण बोलू शकतात. तुझ्या मायच्या फोनमध्ये मीच सेव्ह करून देतो.

अन् एक गोष्ट, ही टाळून चालणार नाही. कधी मनात आलं की आता संपवावं, तर त्या मिनिटाला हत्यार कोतमध्ये, म्हणजे हत्यारखान्यात, जमा कर नाहीतर बडीच्या हातात दे अन् त्याला स्पष्ट शब्दात सांग. मला रात्री तीनला फोन कर. मला पण एकदा आलं होतं मनात, मोर्च्यात, म्हणजे पहाऱ्याच्या खंदकात, एकटा असताना. शेजारच्या पोरानं चहा घेणार का म्हणून विचारलं अन् मी त्याला सांगून टाकलं. तो मला एकटं न सोडता सकाळपर्यंत बसला अन् उजाडल्यावर स्वतः एमआय रूमला घेऊन गेला. मगाशी डॉक्टर बाईंचं सांगितलं ना, ते सगळं त्या सकाळपासून सुरू झालं.

घरचं माझ्यावर सोड. तुझ्या चुलत्यानं बांध कोरला, मोजणीचा अर्ज पडून आहे, हे सगळं तुझा बाप रोज रात्री तुला फोनवर सांगतो. आमच्या वेळेला पत्र यायला दहा दिवस लागायचे, तोवर भांडण मिटलेलं असायचं, आता तू पोस्टवर असतोस अन् बांध तुझ्या कानात असतो. दादांशी मी बोललोय. तू फक्त युनिटमधून सीओ साहेबांचं, म्हणजे युनिटच्या मुख्य अधिकाऱ्याचं, कलेक्टरला पत्र काढून घे, मी ते जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून मागं लागतो, मोजणीला मी स्वतः उभा राहीन.

गुरुवारी तुझी सचखंड एक्सप्रेस आहे ना. तोवर तीन सकाळी आहेत. उद्या साडेपाचला पारावर ये, चपला घालून ये, बूट नको. आपण दोघं त्या पट्ट्यापर्यंत जाऊ. नुसतं कडेला उभं राहायचं, धडधड कमी होईस्तोवर, जेवढा वेळ लागेल तेवढा. पाय टाकायचा का नाही ते परवा बघू. थर्मास मी आणतो.

तुझा काका