क्युबिटचा नॉइज : पोर्टलवरचा आकडा आणि तुमचा निकाल

‘टी-वन चांगला आहे, मग उत्तर का चुकतं?’ क्वांटम संगणकावर काम करणाऱ्या वाचकांकडून थोड्याफार फरकाने हाच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो आहे. (क्युबिट म्हणजे क्वांटम संगणकाचा मूलभूत घटक. नॉइज म्हणजे त्याची अवस्था बिघडवणारा व्यत्यय. टी-वन म्हणजे तो १ अवस्थेतून ० वर उतरायला लागणारा सरासरी काळ. पोर्टल म्हणजे चिपचे आकडे दाखवणारं क्लाउड सेवेचं पान.) म्हणून निवडक प्रश्नांची उत्तरे इथे एकत्र.

प्रश्न : नागपुरात मे महिन्यात ४५ अंश. क्युबिटवर परिणाम होतो का? (धरमपेठ)

क्लाउडवरून काम करत असाल तर नाही. सुपरकंडक्टिंग चिप खास फ्रीजमध्ये १०-२० मिलिकेल्विनला, म्हणजे निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळ असते. स्वतःची मायक्रोवेव्ह उपकरणे असतील तर मात्र एसी बंद पडू देऊ नका. खोली तापली की केबलमधल्या मायक्रोवेव्ह लहरीची फेज, म्हणजे तिच्या चक्रातली जागा, सरकते.

प्रश्न : टी-टू टी-वनपेक्षा मोठा आला. मोजणी चुकली? (हिंगणा)

नाही. टी-टू म्हणजे क्युबिटची फेज टिकण्याचा काळ, तो टी-वनच्या दुपटीपर्यंत असू शकतो. त्याच्याही वर गेला तर फिटिंग, म्हणजे मोजलेल्या बिंदूंवर बसवलेली वक्ररेषा, तपासा.

प्रश्न : पोर्टलवर टी-वन १०० मायक्रोसेकंद दिसतो. माझं सर्किट २० मायक्रोसेकंदांचं, तरी निकाल विस्कटतो. (बजाजनगर)

तो आकडा कधी मोजलेला आहे, हे पाहिलंत? चिपवरच्या ऑक्साइडमध्ये सूक्ष्म दोष असतात. एखाद्या दोषाची फ्रिक्वेन्सी सरकत क्युबिटच्या फ्रिक्वेन्सीशी जुळली की टी-वन काही तासांत कोसळू शकतो. आणि १०० खरा धरला तरी २० मायक्रोसेकंदांत १ अवस्थेतला क्युबिट सुमारे १८ टक्के वेळा ० वर उतरतोच.

दुसरं, टी-वन फेजबद्दल फार थोडं सांगतो. टी-वन, रॅम्से (फेज किती टिकते ते) आणि हान इको (मध्ये एक उलटवणारा पल्स देऊन तेच) या तिन्ही मोजण्या एकाच जॉबमध्ये (यंत्राकडे एकदम पाठवलेल्या कामात), आलटूनपालटून घ्या. प्रत्येकी २५-३० विलंब, प्रत्येक विलंबाला किमान १००० शॉट (पुनरावृत्ती). टी-वनसाठी विलंब अपेक्षित मूल्याच्या तीन-चार पटीपर्यंत न्या. विलंबांचा क्रम विस्कळीत ठेवा. चढत्या क्रमाने घेतले तर यंत्रातला संथ बदलच क्षय म्हणून दिसतो. रॅम्सेत फ्रिक्वेन्सी मुद्दाम थोडी हटवा, म्हणजे लाटा मोजता येतात. इकोचा काळ रॅम्सेपेक्षा बराच मोठा आला तर नॉइज संथ आहे आणि डायनॅमिकल डीकपलिंगचा (पल्सांच्या मालिकेने संथ नॉइज खोडून काढण्याचा) उपयोग होईल. दोन्ही जवळपास सारखे आले तर तो जलद आहे, तिथे साध्या इकोने फारसं काही साधणार नाही. हेच सगळं दिवसभरात चार-पाच वेळा करा. पोर्टलचा स्क्रीनशॉट प्रबंधात चिकटवणं म्हणजे मोजणी नव्हे! कच्चा डेटा गाइडना दाखवा, मगच निष्कर्ष लिहा.

प्रश्न : एका क्लासच्या जाहिरातीत ‘९९.९ टक्के अचूक क्वांटम मशीन’ म्हटलंय. फी भरू का? (सीताबर्डी)

आधी विचारा : कोणत्या गेटची (क्युबिटवर केलेल्या एका क्रियेची) अचूकता? बहुधा एका क्युबिटच्या, आणि तीही सर्वोत्तम क्युबिटची. दोन क्युबिटांचं गेट सहसा यापेक्षा वाईट असतं. शिवाय ९९.९ टक्क्यांची १००० गेट ओळीने लावली तर एकही चूक न होण्याची शक्यता ३७ टक्क्यांच्या आसपास उरते. रँडमाइज्ड बेंचमार्किंग, म्हणजे यादृच्छिक गेटांच्या मालिकांनी केलेली चाचणी, सरासरी देतं. पल्स प्रत्येक वेळी किंचित जास्त फिरवत असेल तर ती ठरावीक चूक त्या सरासरीत लपते. ती पकडायला आधी अर्धा पल्स द्या, मग एक्स पल्सांची (० चा १ आणि १ चा ० करणाऱ्या पल्सांची) संख्या वाढवत जा. निकाल ५० टक्क्यांपासून सरकत गेला, तर चूक साचते आहे. शेजारचे क्युबिट चालू ठेवूनही मोजा, क्रॉसटॉक (शेजाऱ्यांचा परिणाम) तेव्हाच दिसतो. हे आकडे क्लासवाल्यांकडून लेखी मागा आणि फी भरण्याआधी विद्यापीठातल्या एखाद्या जाणकाराला दाखवा.

प्रश्न : रीडआउट दुरुस्तीला मागच्या महिन्याचा मॅट्रिक्स चालेल? (मानेवाडा)

नाही. हा मॅट्रिक्स म्हणजे ० आणि १ वाचताना किती वेळा चुकतात त्याचा तक्ता. ० आणि १ तयार करून तो त्याच जॉबमध्ये नव्याने मोजा. १ चा ० वाचला जाण्याचं प्रमाण सहसा जास्त येतं, कारण वाचतानाही क्षय चालूच असतो. उलट चित्र दिसलं तर दुरुस्ती लावू नका, आधी हार्डवेअरवाल्यांना कळवा.